लॅटिन धातू आणि इंग्रजी शब्दसंपत्ती: पाठांतर किती, समज किती?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या टेबलावर दोन पुस्तके हमखास दिसतात. एक मो. रा. वाळंबे यांचे मराठी व्याकरण आणि दुसरे नॉर्मन लुईस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’. पहिल्यात शब्दसिद्धीचे प्रकरण असते: उपसर्गघटित शब्द, प्रत्ययघटित शब्द, सामासिक शब्द. दुसऱ्यात लॅटिन आणि ग्रीक धातूंच्या आधाराने इंग्रजी शब्द शिकवलेले असतात. दोन्ही पुस्तके खरे तर एकच विद्या शिकवतात. पण एक मराठीच्या पेपरसाठी वाचले जाते, दुसरे इंग्रजीच्या, आणि दोघांची गाठ कोणी घालून देत नाही.

लॅटिन धातू शिकल्याने इंग्रजी शब्दसंपत्ती खरोखर वाढते का, वाढत असेल तर कोणाची आणि किती, या प्रश्नावर जगभर शंभर वर्षे चर्चा चालू आहे. मराठीतून इंग्रजीकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाजूने मात्र तिच्याकडे क्वचितच पाहिले जाते. म्हणून हा आढावा. (लॅटिनमधल्या मूळ नामांनाही इथे सोयीसाठी धातूच म्हटले आहे.)

लॅटिन इंग्रजीत आले कसे

इंग्रजी ही मुळात जर्मानिक कुळातली भाषा. तिच्यात लॅटिन एकदम आले नाही, थराथराने आले. ‘वॉल’, ‘स्ट्रीट’, ‘वाइन’ हे शब्द रोमन लोकांच्या संपर्कातून फार आधीच आले होते. इ.स. ५९७मध्ये ऑगस्टीन हा धर्मोपदेशक केंटमध्ये उतरला आणि चर्चबरोबर धार्मिक शब्द आले. १०६६मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. पुढची काही शतके दरबार आणि न्यायालये यांची भाषा फ्रेंच राहिली. फ्रेंच ही लॅटिनचीच लेक, त्यामुळे तिच्यामार्फत लॅटिन धातूंचा मोठा लोंढा इंग्रजीत शिरला. सोळाव्या-सतराव्या शतकांत विद्वानांनी लॅटिन ग्रंथांतून थेट शब्द उचलले. ते इतके वाढले की १६०४मध्ये रॉबर्ट कॉड्रीने इंग्रजीतला पहिला एकभाषी कोश काढला, तो ‘अवघड’ शब्दांचाच होता. त्यात सुमारे २,५०० शब्द होते.

ज्ञानाची भाषा म्हणून लॅटिनचा दबदबा त्यानंतरही टिकला. हार्वेचा रक्ताभिसरणावरचा ग्रंथ (१६२८) लॅटिनमध्ये आहे, न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ही (१६८७) लॅटिनमध्येच आहे. इंग्लंडच्या न्यायालयांतले दप्तर १७३३पर्यंत लॅटिनमध्ये लिहिले जात असे. वैद्यक, कायदा आणि विज्ञान या तिन्ही क्षेत्रांची परिभाषा म्हणूनच लॅटिनने भरलेली आहे. आपल्याकडच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘बीडी’, ‘टीडीएस’, ‘एसओएस’ लिहिलेले असते, तेही लॅटिनच. ‘बिस दिए’ म्हणजे दिवसातून दोनदा आणि ‘सी ओपुस सित’ म्हणजे गरज पडल्यास.

या इतिहासाचा परिणाम आकड्यांत दिसतो. फिंकेनश्टेट आणि वोल्फ यांनी १९७३मध्ये शॉर्टर ऑक्सफर्ड कोशातल्या सुमारे ८०,००० शब्दांची कुळे मोजली. फ्रेंचमधून आलेले आणि थेट लॅटिनमधून आलेले शब्द प्रत्येकी २८ टक्क्यांच्या आसपास निघाले, जर्मानिक २५ टक्के आणि ग्रीक सुमारे ५ टक्के. लॅटिन पद्धतीचे पुरस्कर्ते हा आकडा आवर्जून देतात. त्याची दुसरी बाजू मात्र सांगायची राहते. हे कोशातले प्रमाण आहे, बोलण्यातले नव्हे. रोजच्या वापरातले पहिले शंभर शब्द घेतले तर ते जवळजवळ सगळे अस्सल जर्मानिक निघतात. बाजारात आणि घरात लॅटिन थोडे असते. पाठ्यपुस्तक, अग्रलेख, निकालपत्र आणि संशोधन-निबंध यांत ते ठासून भरलेले असते.

अव्हेरिल कॉक्सहेड यांनी २००० साली तयार केलेल्या शैक्षणिक शब्दसूचीतून हे नेमके कळते. विद्यापीठीय लेखनात वारंवार येणारी ५७० शब्दकुटुंबे त्यांनी वेगळी काढली. त्यांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक ग्रीक किंवा लॅटिन वंशाची होती. लॅटिन धातू कोणाच्या उपयोगाचे, याचे उत्तर इथेच मिळू लागते: इंग्रजी बोलायला शिकणाऱ्याच्या कमी, इंग्रजीतून शिकणाऱ्याच्या फार.

पद्धतीचा प्रवास

धातूंवरून शब्द शिकवण्याची पद्धत लोकप्रिय केली ती अमेरिकी पुस्तकांनी. १९४२मध्ये विल्फ्रेड फंक आणि नॉर्मन लुईस यांनी तीस दिवसांत शब्दशक्ती वाढवण्याचे पुस्तक काढले. १९४९मध्ये लुईस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ आले, आणि ते आजही पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात सहज मिळते. त्याच सुमारास मिनेसोटा विद्यापीठातले जेम्स ब्राउन यांनी चौदा ‘गुरुकिल्ली शब्द’ मांडले. त्यांतले उपसर्ग आणि धातू आले की मध्यम आकाराच्या कोशातल्या १४,००० शब्दांचे आणि मोठ्या कोशातल्या अंदाजे एक लाख शब्दांचे दार उघडते, असे त्यांचे म्हणणे होते.

या दाव्याने कित्येक पिढ्यांना भुरळ घातली आणि आजच्या अनेक शिकवणी वर्गांच्या जाहिराती त्याच्याच आधारावर उभ्या आहेत. पण त्यात एक गफलत आहे. एखाद्या शब्दात ओळखीचा तुकडा सापडणे वेगळे आणि तो शब्द कळणे वेगळे.

एक धातू जवळून पाहू

लॅटिनमधला ‘फेर्’ हा धातू घेऊ. अर्थ वाहून नेणे. ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे, म्हणून ‘ट्रान्सफर’ म्हणजे पलीकडे नेणे, बदली. इथपर्यंत सगळे सरळ आहे. ‘प्री’ म्हणजे पुढे, तेव्हा ‘प्रिफर’ म्हणजे पुढे करणे, अधिक पसंत करणे. हेही जरा विचार केला की पटते. ‘सफर’ म्हणजे खालून भार वाहणे, सोसणे. अर्थ आधी ठाऊक असेल तर हे फार सुंदर वाटते, पण ठाऊक नसेल तर ‘खालून वाहणे’ यावरून ‘सोसणे’ कोणाला सुचेल? ‘इन्फर’ म्हणजे अनुमान काढणे. ‘आत नेणे’ यावरून तिथे कोणीच पोहोचणार नाही. शिवाय या लॅटिन क्रियापदाचे भूतकालवाचक रूप ‘लात्’ असे पार वेगळे आहे. म्हणून ‘ट्रान्सफर’ आणि ‘ट्रान्सलेट’ एकाच क्रियापदाची लेकरे असूनही चेहरा जुळत नाही.

हे चित्र आपल्याला परके नाही. ‘हृ’ म्हणजे नेणे, हरण करणे. त्यापासून आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार, परिहार. उपसर्ग धातूचा अर्थ ओढून कुठल्या कुठे नेतो, हे संस्कृत वैयाकरणांनी याच उदाहरणाने सांगितले. ‘वि’ आणि ‘हृ’ यांची बेरीज करून ‘विहार’ हा शब्द कोणी शिकत नाही. पण विहार, आहार आणि संहार हे शब्द ओळखीचे झाल्यावर त्यांची मुळी एकच आहे हे कळले, की तिन्ही पक्के होतात आणि चौथा भेटला की नवखा वाटत नाही. लॅटिन धातूंचे खरे काम हेच. ते नव्या शब्दाचा अर्थ हुडकून देण्यात कच्चे आहेत, भेटलेला शब्द मनात रुजवण्यात पक्के. या पद्धतीविषयीचे बरेचसे वाद हा फरक न केल्यामुळे झाले आहेत.

संशोधन काय सांगते

विसाव्या शतकाच्या आरंभी लॅटिनने बुद्धीला वळण लागते, असा सार्वत्रिक समज होता. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२४मध्ये आठ हजारांहून अधिक अमेरिकी विद्यार्थ्यांची चाचणी घेऊन तो तपासला. लॅटिन घेतल्याने विचारशक्ती इतर विषयांपेक्षा विशेष वाढते, असे काही दिसले नाही. पुढे २००३मध्ये हाग आणि श्टेर्न यांनी जर्मनीत स्पॅनिश शिकणारे विद्यार्थी अभ्यासले. आधी लॅटिन शिकलेल्यांपेक्षा आधी फ्रेंच शिकलेल्यांना स्पॅनिश अधिक चांगले आले. म्हणजे इंग्रजी सुधारावी म्हणून अख्खी लॅटिन भाषा शिकण्याचा घाट घालण्यात अर्थ नाही.

शब्दांचे घटक शिकवण्याची गोष्ट वेगळी आहे आणि तिच्या बाजूने पुरावा बराच भक्कम आहे. बॉवर्स, कर्बी आणि डीकन यांनी २०१०मध्ये २२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. उपसर्ग, धातू आणि प्रत्यय यांचे शिक्षण मुलांना उपयोगी पडते, वाचनात मागे असलेल्यांना ते अधिक उपयोगी पडते, आणि वाचन-लेखनाच्या इतर शिक्षणात मिसळून दिले तर ते अधिक परिणामकारक ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. यातला मागे पडलेल्या मुलांविषयीचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. शब्दसिद्धी ही हुशार मुलांची चैन आहे, असे समजून आपण ती वर्गातल्या पहिल्या दोन बाकांपुरती ठेवतो. तिची खरी गरज शेवटच्या बाकांना आहे.

किती शिकवायचे, यावरही उत्तर आहे. व्हाइट, सोवेल आणि यानागिहारा यांनी १९८९मध्ये दाखवले की शालेय इंग्रजीतल्या उपसर्गयुक्त शब्दांपैकी ९७ टक्के केवळ वीस उपसर्गांत सामावतात, आणि ‘अन्’, ‘री’, ‘इन्’, ‘डिस्’ हे चार उपसर्ग एकटेच ५८ टक्के भार उचलतात. यांतला ‘अन्’ अस्सल इंग्रजी, बाकीचे लॅटिनकडून आलेले. शेकडो धातूंच्या छापील याद्या घोकणाऱ्या मुलांपर्यंत हे पोहोचायला हवे.

कुठे फसते

इस्रायली संशोधिका बाटिया लाउफर यांनी ‘फसवे पारदर्शक’ शब्द दाखवून दिले आहेत. शब्दाचे तुकडे ओळखीचे असतात, म्हणून विद्यार्थी आत्मविश्वासाने चुकतो. ‘इन्फॅलिबल’ म्हणजे कधीही न चुकणारा, पण त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘फॉल’ पाहून मुले ‘न पडणारा’ असा अर्थ करतात. अनोळखी शब्दाशी माणूस अडतो आणि कोश उघडतो. फसव्या शब्दाशी तो अडतच नाही.

शिवाय काळाबरोबर अर्थ सरकतात. ‘मॅन्युफॅक्चर’ म्हणजे मुळात हाताने बनवणे, आज ते काम यंत्रे करतात. ‘नाइस’ ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ अडाणी. सारखी दिसणारी मुळेही वेगळी असतात: ‘पेडेस्ट्रियन’मधला ‘पेड’ म्हणजे लॅटिन पाय, तर ‘पीडियाट्रिक्स’मधला ग्रीक भाग म्हणजे मूल. ‘होमिसाइड’मधला ‘होमो’ म्हणजे लॅटिन माणूस, ‘होमोजिनियस’मधला ग्रीक आणि अर्थ ‘सारखा’.

आणि धातू वाचनाची जागा घेऊ शकत नाहीत. पॉल नेशन यांच्या २००६मधल्या हिशोबाप्रमाणे कादंबरी किंवा वर्तमानपत्र विनाअडथळा वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे लागतात. एवढा साठा वाचूनच होतो. त्याचा पाया म्हणजे सर्वाधिक वापरातले दोनेक हजार शब्द. त्यांची प्रसिद्ध यादी १९५३मध्ये काढणारे मायकेल वेस्ट यांनी पूर्वी ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षणाचे काम केले होते, म्हणजे आपल्या उपखंडातली मुले इंग्रजी कशी शिकतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. हा पाया होण्याआधी धातूंची यादी हातात देणे म्हणजे मुलाला ओझे देणे.

मराठी विद्यार्थ्याच्या हातातले भांडवल

इंग्रजी शब्दांच्या दोन पातळ्या असतात. दाताला घरगुती शब्द ‘टूथ’, पण वैद्यकात ‘डेंटल’. हाताला ‘हँड’, पण कामाच्या संदर्भात ‘मॅन्युअल’. इतर भाषकांना हे समजावून सांगावे लागते, मराठी मुलाला लागत नाही. तो दात म्हणतो आणि दंतवैद्याकडे जातो, हाताने लिहितो आणि हस्ताक्षर सुधारतो, पाणी पितो आणि जलविद्युत केंद्राविषयी वाचतो. तद्भव आणि तत्सम यांची ही विभागणी तो शाळेत शिकलेला असतो. इंग्रजीत संस्कृतच्या जागी लॅटिन आहे, एवढे सांगितले की पुरे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दोन्ही अभिजात भाषांचे नाते. हे नाते सर्वप्रथम ज्यांच्या ध्यानात आले त्यांत ‘ख्रिस्तपुराण’कर्ते फादर थॉमस स्टीफन्स आहेत. हा लॅटिन जाणणारा इंग्रज १५७९मध्ये गोव्यात आला, मराठीत १६१६मध्ये महाकाव्य छापले, आणि त्याच्या कितीतरी आधी, १५८३मध्ये, भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचे नोंदवून गेला. दोन शतकांनी, १७८६मध्ये, विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात तेच जाहीरपणे मांडले आणि त्यातून तौलनिक भाषाशास्त्राला मोठी चालना मिळाली.

या नात्याचा वर्गात थेट उपयोग आहे. लॅटिन ‘स्ता’ म्हणजे आपला ‘स्था’, ‘मोर्’ म्हणजे ‘मृ’, ‘युंग्’ म्हणजे ‘युज्’, ‘ग्नो’ म्हणजे ‘ज्ञा’, आणि वर पाहिलेला ‘फेर्’ म्हणजे ‘भृ’. उपसर्गही भाऊबंद आहेत: ‘इंटर’ आणि ‘अंतर्’, ‘सुपर’ आणि ‘उपरि’, ‘प्रो’ आणि ‘प्र’, नकारार्थी ‘इन्’ आणि ‘अ’ किंवा ‘अन्’. आता शब्द शेजारी ठेवून पाहा. ‘इम्मॉर्टल’ आणि ‘अमर’: उपसर्ग तोच, धातू तोच. ‘कंजंक्शन’ आणि ‘संयोग’: ‘कॉन्’ म्हणजे सह, पुढे ‘युज्’चा भाऊ. ‘सर्कमस्टन्स’ आणि ‘परिस्थिती’: भोवती असणारी स्थिती. ‘प्रोग्रेस’ आणि ‘प्रगती’, ‘इंटरनॅशनल’ आणि ‘आंतरराष्ट्रीय’. यांतले काही मराठी शब्द जुने आहेत, काही परिभाषा घडवणाऱ्यांनी इंग्रजी शब्द समोर ठेवून बेतले. विद्यार्थ्याला दोन्हींचा फायदा सारखाच.

स्पेलिंगचेही तसेच. मराठी मुलाला इंग्रजीत सर्वांत छळते ते स्पेलिंग, कारण आपण उच्चारतो तसे लिहितो. ‘इल्लीगल’मध्ये दोन ‘एल’ का? कारण ‘इन्’मधला ‘न्’ पुढच्या ‘ल’सारखा झाला. ‘उत्’ आणि ‘लेख’ मिळून ‘उल्लेख’ होतो, अगदी त्याच न्यायाने. व्यंजनसंधी शिकलेल्या मुलाला हे एका मिनिटात कळते. ‘अकोमोडेट’मध्ये दोन ‘सी’ आणि दोन ‘एम’ कुठून आले? ‘अद्’ आणि ‘कॉम्’ असे दोन उपसर्ग ‘मोद्’ या मुळाला लागले. ‘अद्’चा ‘द्’ पुढच्या ‘सी’त मिसळला आणि ‘कॉम्’चा ‘एम’ ‘मोद्’च्या ‘एम’ला भिडला. ‘डेट’, म्हणजे कर्ज, यात न उच्चारला जाणारा ‘बी’ आहे तो लॅटिन मुळाची आठवण म्हणून विद्वानांनी मागाहून घातलेला; ‘डेबिट’ हा भाऊ शेजारी ठेवला की तो विसरला जात नाही.

लॅटिनची आणखी एक धार आपल्याकडे पोर्तुगीजांमार्फत येऊन पोहोचलेली आहे. ‘नाताळ’ म्हणजे जन्मासंबंधी, त्याच कुळातले ‘नेटिव्ह’, ‘नेशन’ आणि ‘प्रीनेटल’. ‘चावी’चे लॅटिन मूळ ‘क्लाविस’, त्यावरून खांद्याजवळच्या हाडाचे नाव ‘क्लॅव्हिकल’, म्हणजे छोटी चावी. ‘पाव’ ज्या शब्दावरून आला त्यावरूनच ‘कम्पॅनियन’, म्हणजे सोबत पाव खाणारा. वसई किंवा मडगावच्या मुलांना हे शब्द जन्मापासून ठाऊक असतात.

एक खबरदारी मात्र हवी. उच्चार जुळला की नाते जोडायचे, हा खेळ आपल्याकडे फार चालतो. व्हॅटिकन म्हणजे वाटिका वगैरे संदेश रोज फिरतात. ‘मॅन्युअल’मधला ‘मन्’ आपले मन नव्हे, तो लॅटिन हात आहे. खरे नाते ध्वनिबदलांच्या नियमांवर ठरते. शिक्षकाने कोशात पाहूनच जोडी द्यावी, वाटले म्हणून देऊ नये.

मग करावे काय

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या. त्या पाठमालेतला एक गुण आपण घालवून बसलो: दोन भाषा शेजारी ठेवून शिकणे. आज मराठीच्या तासाला उपसर्ग शिकवले जातात आणि इंग्रजीच्या तासाला नव्याने शिकवले जातात, जणू काही दोन वेगळ्या डोक्यांना.

आढाव्यातून निघणारा क्रम असा. सहावी-सातवीपर्यंत भरपूर वाचन, ऐकणे, बोलणे, धातू नकोत. दोन-अडीच हजार शब्द अंगवळणी पडले की वीस उपसर्ग आणि नेहमीचे पंचवीस-तीस धातू, तेही यादीने नव्हे. ‘इन्स्पेक्टर’ आणि ‘रिस्पेक्ट’ वाचनात येऊन गेले आणि ‘प्रॉस्पेक्ट’ समोर आला, की त्या दिवशी ‘स्पेक्ट’ सांगावा. वहीत शब्दाचे कुटुंब मांडावे, प्रत्येकासमोर स्वतःचे एक वाक्य लिहावे आणि मराठीतला समघटित शब्द असेल तर तोही. नव्या शब्दाचा अर्थ धातूवरून ताडला तर तो संदर्भात बसतो का ते पाहावे आणि मग कोश उघडावा. विज्ञान, वैद्यक किंवा कायद्याकडे जाणाऱ्यांनी अकरावी-बारावीत आपापल्या विषयाचे धातू ग्रीक मुळांसकट घ्यावेत. मूत्रपिंडाला शरीररचनेत ‘रीनल’ का आणि आजारात ‘नेफ्रायटिस’ का, हे पहिल्याच वर्षी कळले तर परिभाषेचा धसका राहत नाही.

यासाठी नवे पुस्तक लागत नाही की महागडा वर्गही लागत नाही. शाळेतल्या मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी वर्षाच्या आरंभी एकत्र बसून शब्दसिद्धीचे धडे एकाच आठवड्यात लावले तरी सुरुवात होईल. मराठी माध्यमाच्या मुलाला मराठी हा इंग्रजीच्या वाटेतला अडसर आहे, असे लहानपणापासून ऐकवले जाते. इंग्रजीच्या सर्वांत अवघड, सर्वांत पुस्तकी भागात, जिथे शहरी इंग्रजी माध्यमातली मुलेही अडखळतात, तिथे हीच मराठी त्याचा हात धरू शकते. हे त्याला सांगणे आणि करून दाखवणे ही शिक्षकांची जबाबदारी आहे.